मोजणारीची मोजदाद

लिंडा एकेन यांच्या शोधनिबंधांची यादी सलग वाचायला बसलं, तर दुसऱ्या पानापर्यंतच लक्षात येतं की या बाईंना विषय बदलायची हौस नाही. परिचारिकांची संख्या आणि रुग्णांचे मृत्यू, परिचारिकांचं शिक्षण आणि रुग्णांचे मृत्यू, परिचारिकांच्या कामाची परिस्थिती आणि परत रुग्णांचे मृत्यू. देश बदलतात, सहलेखक बदलतात, प्रश्न तोच. १९८८ साली त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्या, तेव्हापासून त्यांनी तो सोडलेला नाही. माझ्या मते त्यांच्या कीर्तीचं मूळ विद्वत्तेपेक्षा या हट्टात जास्त आहे.

प्रश्न असा: एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवले म्हणजे त्यांतले जास्त दगावू लागतात? वॉर्डात वर्षं काढलेल्या कुठल्याही सिस्टरला हे विचारलं तर ती हसेल. भरलेल्या वॉर्डात नाईटला एकटं असलं की कुणाचं सलाईन संपून तसंच राहतं, कुणाचा श्वास कधी जड झाला ते पहाटेपर्यंत कळत नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. पण तिला ठाऊक असणं वेगळं आणि ते रुग्णालयाच्या हिशेबात येणं वेगळं.

हिशेबात ते का येत नव्हतं, हे बिलावरून कळतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या बिलात शस्त्रक्रियेचा आकार वेगळा, औषधांचा वेगळा, तपासण्यांचा वेगळा. परिचारिकेची सेवा मात्र खोलीच्या भाड्यातच धरलेली. आपल्याकडच्या मेडिक्लेम पॉलिसीतही खोलीभाडं, राहणं-जेवण आणि शुश्रूषा यांना बहुधा एकाच ओळीत कोंबून एकच मर्यादा घातलेली असते. ज्या कामाला स्वतःचा रकाना नाही, ते जमाखर्चात फक्त पगार म्हणून, म्हणजे निव्वळ खर्च म्हणून दिसतं. त्या पगाराने काय वाचवलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. काटकसरीची वेळ आली की कात्री कुठे चालते हे मग वेगळं सांगायला नको. एकेनबाई शिक्षणाने परिचारिका, पुढे समाजशास्त्रात डॉक्टरेट. परिचारिकेच्या कामाला रकाना मिळवून देणं, हे त्यांच्या सगळ्या संशोधनाचं एका वाक्यातलं वर्णन आहे.

या पुस्तकात त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निवडक निबंधांचा मराठीत परिचय करून दिला आहे, आणि त्या निबंधांचा आधार पुढे कुणी, कुठे, कशासाठी घेतला याचा मागही काढला आहे. दुसरा भाग वाचकाला आधी रुक्ष वाटेल. संशोधकाच्या नावापुढचे सायटेशनचे आकडे म्हणजे विद्यापीठांच्या बढती समितीचा विषय, आपल्याला काय त्याचं? पण जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं न मोजलेलं काम मोजलं, तिचं स्वतःचं काम जग कसं मोजतं, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात १९९४ च्या निबंधापासून करावी लागते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत परिचारिकांचा मोठा तुटवडा होता, तरी काही रुग्णालयांत त्या येत होत्या आणि टिकतही होत्या. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ नर्सिंगने १९८३ साली अशी ४१ रुग्णालयं हुडकून काढली. त्यांना ‘मॅग्नेट’ रुग्णालयं हे नाव पडलं. परिचारिका तिथे टिकतात हे ठीक, पण रुग्णांचं काय, असं एकेन यांनी विचारलं. त्यांतली ३९ रुग्णालयं घेऊन त्यांनी ती बाकी सर्व बाबतींत मिळत्याजुळत्या १९५ रुग्णालयांशी ताडून पाहिली. रुग्णांच्या आजारांतला फरक वजा केल्यावरही मॅग्नेट रुग्णालयांत ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांचा मृत्युदर ४.६ टक्क्यांनी कमी निघाला. हा निबंध ‘मेडिकल केअर’ या नियतकालिकात आला. जाणकारांनी तो वाचला, बाहेर फारसा गाजावाजा झाला नाही.

गाजला तो २००२ चा. ऑक्टोबर महिन्यात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’मध्ये आलेला हा निबंध आज परिचर्येच्या क्षेत्रात सर्वाधिक आधार घेतल्या जाणाऱ्या निबंधांपैकी एक आहे. त्यावर जरा रेंगाळायला हवं, कारण त्याचा निष्कर्ष पुष्कळांच्या तोंडी असतो, पण तो निघाला कसा हे फार थोडे सांगतात.

पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं. १९९८ च्या एप्रिलपासून १९९९ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथून बाहेर पडलेले सर्वसाधारण, अस्थिरोगाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचे २,३२,३४२ रुग्ण. रुग्णांची माहिती राज्याच्या दफ्तरातून मिळण्यासारखी होती. अडचण परिचारिकांची होती. कुठल्या रुग्णालयात एका परिचारिकेमागे किती रुग्ण असतात हे रुग्णालयाला विचारलं, तर उत्तर कागदावरचं मिळणार: मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, भागिले खाटा. रजेवरच्या, कार्यालयात बसवलेल्या, दुसऱ्या वॉर्डात पाठवलेल्या सगळ्या त्यात जमेस धरलेल्या. एकेन आणि मंडळींनी ही वाटच टाळली. राज्याच्या नोंदणीपटावरून परिचारिकांचे पत्ते घेतले आणि प्रश्नावली थेट त्यांच्या घरी पाठवली. मागच्या पाळीत तुमच्याकडे किती रुग्ण होते, हा त्यातला साधा प्रश्न. निम्म्याहून थोड्या अधिक जणींनी उत्तरं पाठवली आणि विश्लेषणात १०,१८४ परिचारिकांची उत्तरं धरली गेली. रुग्णालयाला न विचारता रुग्णालयाची आतली गोष्ट कळण्याची ही युक्ती मला त्या निबंधातली सर्वांत धीट गोष्ट वाटते. पुढच्या संख्याशास्त्राइतकीच निष्कर्षाची मदार तिच्यावर आहे.

निष्कर्ष असा निघाला: परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव सात टक्क्यांनी वाढतो. गुंतागुंत उद्भवलेल्या रुग्णाला वाचवता न येण्याचा संभवही तेवढाच वाढतो. आणि परिचारिका कामाने पिचून जाण्याचा संभव वाढतो २३ टक्क्यांनी, नोकरीवर नाराज असण्याचा १५ टक्क्यांनी.

या सात टक्क्यांचा अर्थ भाषणांतून आणि मोर्च्यांच्या फलकांवर हमखास बिघडतो, म्हणून इथे थोडं गणित. सात टक्के म्हणजे शंभरात सात जण जास्त गेले असं नव्हे. त्या २,३२,३४२ रुग्णांपैकी तीस दिवसांत ४,५३५ मृत्यू पावले होते, म्हणजे शंभरात सुमारे दोन. ते दोन सात टक्क्यांनी वाढतात, म्हणजे साधारण २.१४ होतात. एका वॉर्डात हा फरक कुणाच्या नजरेला येणार नाही. लाखो शस्त्रक्रिया होणाऱ्या देशात तो हजारो माणसांचा होतो. शिवाय ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी चढते. चारांऐवजी आठ रुग्ण दिले तर सात चोक अठ्ठावीस नव्हे, एकतीस टक्के.

दुबळ्या बाजूही लपवण्याचं कारण नाही. हे एका काळाचं चित्र आहे. ज्या रुग्णालयात परिचारिका पुरेशा असतात, तिथे बहुधा पैसाही असतो, चांगले डॉक्टरही असतात, यंत्रंही असतात. यांतलं पुष्कळ काही लेखकांनी गणितातून वजा केलं आहे. पण जे मोजलंच नाही ते वजा कसं करणार? परिचारिका कमी म्हणून मृत्यू जास्त, की ढिसाळ रुग्णालयात दोन्ही आपोआप घडतं, याचा निवाडा एका निबंधातून होत नाही. टीकाकारांनी हे बोलून दाखवलं. एकेन यांची पुढची वीस वर्षं याच आक्षेपाला उत्तर देण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल, आणि यादीतला तोच तो प्रश्न परत परत का येतो याचा खुलासाही तिथेच होतो.

२००३ च्या निबंधाने मात्र घरातच भांडण लावलं. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं तर मृत्यूचा संभव पाच टक्क्यांनी घटतो, असं त्यात निघालं. डिप्लोमा करून वीस-पंचवीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बायकांना हे कसं लागलं असेल याची कल्पना आपल्या जीएनएम सिस्टरांना सहज येईल. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला: ३०० रुग्णालयं, पन्नाशी ओलांडलेले ४,२२,७३० रुग्ण. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की संभव सात टक्क्यांनी वर. वेगळा खंड, वेगळ्या आरोग्यव्यवस्था, आकडा तोच. पदवीधरांच्या बाबतीतला परिणाम तर युरोपात आणखी ठळक निघाला.

खरं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. क्वीन्सलँड राज्याने १ जुलै २०१६ पासून ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा एका परिचारिकेमागे सरासरी चार आणि रात्री सात रुग्ण असं प्रमाण कायद्याने बांधून दिलं. म्हणजे आता आधी आणि नंतर, कायदा लागू झालेली आणि न झालेली, अशी दुहेरी तुलना करता येणार होती. २७ आणि २८ रुग्णालयांची ती तुलना २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पहिलं नाव पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एकेन यांच्याच केंद्रातल्या मॅथ्यू मॅकह्यू यांचं. परिचारिकेमागचा एक रुग्ण कमी झाला की मृत्यूचा संभव सात टक्क्यांनी उतरला. रुग्ण लवकर घरी गेले, परत भरती होणं घटलं आणि त्यातून वाचलेला पैसा वाढीव पगारांच्या दुपटीहून जास्त भरला. खर्चाच्या रकान्यासमोर जमेचा रकाना शेवटी असा उघडला.

आता दुसरी मोजदाद. कोणी कोणाचा आधार घेतला याची पद्धतशीर सूची काढण्याची कल्पना मुळात वकिलांची. १८७३ साली इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्ड यांनी जुन्या निकालांचे दाखले नंतरच्या कुठल्या निकालांत आले याची यादी छापायला सुरुवात केली. जुना निकाल अजून ग्राह्य आहे की नंतरच्या न्यायालयाने तो फिरवला, हे वकिलाला कळावं एवढाच हेतू. ती कल्पना विज्ञानात आणली यूजीन गारफील्ड यांनी. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी ती मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. त्यांची संस्था होती फिलाडेल्फियात, मार्केट स्ट्रीटवर. त्यांची डॉक्टरेट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचीच, १९६१ ची. परिचारिकांचं काम मोजणारं केंद्र आणि संशोधकांचं काम मोजणारं दुकान एकाच शहरात, पायी जाण्याच्या अंतरावर! हा निव्वळ योगायोग, पण मला तो भारी आवडतो.

शेपर्ड यांच्या सूचीत एक शहाणपण होतं: दाखला मान्य करताना दिला की फेटाळताना, हे तिथे खुणेने दाखवलेलं असे. विज्ञानाच्या सूचीत येताना ती खूण गळाली. आज गूगल स्कॉलरवर एकेन यांच्या २००२ च्या निबंधाखाली हजारोंचा आकडा दिसतो. त्यात तो पडताळून पाहणारे आहेत, खोडून काढू पाहणारे आहेत, आणि माझ्या अंदाजाने सर्वांत जास्त आहेत ते तोरण बांधणारे: ‘परिचारिकांची संख्या महत्त्वाची असते’ या पहिल्या वाक्यावर दाखला टांगायचा आणि पुढे आपल्या वाटेने जायचं. यांतल्या कितींनी मूळ निबंध उघडून पाहिला असेल कोण जाणे. शिवाय आकडा कुठे पाहतो त्यावर तो बदलतो. वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकंच धरतं, स्कोपसची जाळी जरा मोठी, गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालही जमा करतो. त्यामुळे एकाच बाईंचे तीन वेगळे आकडे मिळतात आणि तिन्ही आपापल्या परीने खरे असतात.

एच-इंडेक्सची तर गंमतच आहे. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. पन्नास निबंधांचा प्रत्येकी किमान पन्नास वेळा आधार घेतला गेला असेल तर निर्देशांक पन्नास. सातत्य मोजायला हे साधन चांगलं. पण ज्याचा आधार हजारो वेळा घेतला गेला तो २००२ चा निबंध आणि जो कसाबसा उंबरठा ओलांडून आत आला तो निबंध, दोघांनाही या हिशेबात एकेकच गुण.

परिचर्येच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती जुनी आहे. निबंध लिहिणाऱ्याचीच मोजणी सूचीत होते. वाचून काम बदलणाऱ्याची होत नाही. भौतिकशास्त्राचा वाचक बहुधा स्वतःही निबंध लिहितो. परिचर्येच्या निबंधाची खरी वाचक वॉर्डात असते. ती वाचते, औषध देण्याची पद्धत बदलते, विद्यार्थिनींना शिकवते आणि कुठेही दाखला न देता ड्यूटी संपवून घरी जाते. मुळात हे लेखन शोधण्याजोगं करायलाच किती कष्ट पडले! व्हर्जिनिया हेंडरसन यांनी येल विद्यापीठात बसून १९०० ते १९५९ या साठ वर्षांतल्या परिचर्याविषयक अभ्यासांची चार खंडांची सूची सिद्ध केली. त्या कामाचा आधार घेऊन किती जणींनी आपले निबंध उभे केले असतील, पण सूची वापरली म्हणून सूचीचा दाखला कोण देतं? १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातून छापील रूपात निघू लागलेली परिचर्या-साहित्याची सूची पुढे ‘सिनाहल’ म्हणून जगभर गेली. तिचंही तसंच.

एकेन यांनी एक व्यवहारी निर्णय घेतलेला त्यांच्या यादीत दिसतो. मोठे निष्कर्ष त्यांनी ‘जामा’त, ‘लॅन्सेट’मध्ये, ‘मेडिकल केअर’मध्ये दिले, म्हणजे जिथे डॉक्टर आणि धोरणकर्ते वाचतात तिथे. त्यांच्या सायटेशनच्या डोंगराला या जागांची उंचीही मिळालेली आहे. २००२ चाच निबंध, तितकाच चोख, एखाद्या लहान परिचर्या-नियतकालिकात आला असता तर त्याच्या वाट्याला एवढे दाखले आले नसते, असं मी छातीठोकपणे म्हणतो.

आणि जे सर्वांत मोलाचं ते तर कुठल्याच सूचीत नाही. कॅलिफोर्नियाने परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा १९९९ मध्ये केला आणि तो जानेवारी २००४ पासून लागू झाला. एकेन यांचा निबंध या दोन तारखांच्या मध्ये आला. त्यामुळे निबंधाने कायदा घडवला असं म्हणायची सोय नाही; कायदा परिचारिकांच्या संघटनांनी झगडून मिळवला होता. पण २००४ च्या अखेरीस गव्हर्नर अर्नॉल्ड श्वार्झनेगर यांनी सर्वसाधारण वॉर्डांतलं प्रमाण सहावरून पाचावर आणण्याचा टप्पा लांबवायचा घाट घातला, तेव्हा परिचारिकांच्या हातात नुसती तक्रार नव्हती, आकडा होता. पडद्यावर कधी न हरणाऱ्या गव्हर्नरसाहेबांना न्यायालयात माघार घ्यावी लागली. २०१० मध्ये एकेन यांनी उलट बाजूने हिशेब मांडला: न्यू जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियात कॅलिफोर्नियाइतक्या परिचारिका असत्या, तर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू अनुक्रमे १३.९ आणि १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण कागदावर आहेच: शिकवणाऱ्या रुग्णालयांत सर्वसाधारण वॉर्डात तिघांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. ते वाचून कुठल्या सिस्टरला हसू येईल आणि कुठलीला राग, हे तिच्या वॉर्डावर अवलंबून आहे. मोजण्यासारखं इतकं समोर असताना एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधांत मात्र एकच साचा रुळून बसला आहे: अमुक विषयाच्या शिक्षण-कार्यक्रमाची परिणामकारकता, आधीची चाचणी, नंतरची चाचणी, ज्ञानात लक्षणीय वाढ. दोष विद्यार्थिनींचा नाही. वेळ थोडा, मार्गदर्शक थोडे, आणि पुढे नोकरीत निबंधांच्या संख्येवर गुण.

त्या गुणांनी काय होतं हे भारताने बघितलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण जोडले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली नियतकालिकं तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची असावीत. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बसून विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी तयार झाली. २०२५ साली आयोगाने तीही बंद केली आणि निवड संस्थांवर सोपवली. आता एखाद्या नर्सिंग कॉलेजातल्या तरुण ट्यूटरने निबंध कुठे पाठवावा, हे तिला सांगणारं कोणी जवळ असलं तर तिचं नशीब.

या पुस्तकातले निबंध छापलेल्या क्रमाने वाचू नयेत असं मी सुचवेन. आधी २००२ च्या निबंधातला पद्धतीचा भाग वाचावा, प्रश्नावलीसकट. मग थेट २०२१ चा क्वीन्सलँडचा, म्हणजे पहिल्यातली कोणती फट दुसऱ्याने बुजवली ते दिसेल. पदवी-डिप्लोम्याचा निबंध त्यानंतर, शक्य तर दोन्ही प्रकारच्या सिस्टर एकत्र बसून. संख्याशास्त्राचं प्रकरण जड गेलं तर पहिल्या वाचनात सोडून द्यायला हरकत नाही. दाखल्यांचा तक्ता सगळ्यात शेवटी उघडावा आणि त्यातला एकूण आकडा न बघता उजवीकडचा रकाना बघावा: तो दाखला कुठल्या वाक्याला जोडला होता, हे तिथे दिलं आहे.